आज पुन्हा कमिटी आहे का?

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांत बरीचशी नवरा-बायकोची होती आणि भांडणाच्या मुळाशी चर्च होतं. त्यातली तीन घेतलीत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

पिंपरीहून एक भगिनी लिहितात:

ताई, सलाम. आम्हाला दोन मुलं, मिस्टर कंपनीत शिफ्टमध्ये आहेत, मी शाळेवर आहे. मिस्टर पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीचे, सेक्रेटरी, क्वायरमध्ये पण आहेत, शिवाय मुलांच्या शब्बाथ शाळेचा नाताळचा कार्यक्रम त्यांच्याच गळ्यात. बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेची कॉटेज मीटिंग, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस, आणि रविवारी उपासना सुटली की कमिटी, ती कधी संपेल ते देवालाच ठाऊक, मी पोरांना घेऊन चर्चच्या आवारात बसून असते. काही बोललं की म्हणतात देवाचं काम आहे, अडवू नको. मागच्या बुधवारी मीटिंग आमच्याच घरी ठेवली आणि मला दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, पंचवीस माणसं! मला चर्च नको असं नाही हो, माझे आजोबा शेवगाव तालुक्यात गावोगाव सुवार्ता सांगत फिरायचे. पण मला नवरा पण पाहिजे. हे चुकीचं आहे का?

उत्तर: चुकीचं काय त्यात. "देवाचं काम" म्हटलं की बायकोने तोंड मिटायचं हे कुठल्या अध्यायात लिहिलंय ते मला तरी अजून सापडलेलं नाही. उलट तीमथ्याला पौलाचं पहिलं पत्र आहे ना, त्याचा तिसरा अध्याय मिस्टरांना काढून द्या. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, सांभाळणारा माणूस कसा असावा ते सांगताना पौल सरळ विचारतो की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार. कमिटीच्या निवडणुकीच्या दिवशी हा उतारा कोणी वाचत नाही, वाचला तर अर्धे अर्ज मागे घ्यावे लागतील.

पण मिस्टरांची बाजू पण बघू. आपल्या मंडळ्या चालतात त्या फुकट राबणाऱ्या माणसांवर. पाळकसाहेबांची, म्हणजे पास्टरांची, बदली होते, नवे येतात, त्यांना कबरस्थानाची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत हे पण माहीत नसतं, ते सेक्रेटरीला माहीत असतं. यादीत माणसं पुष्कळ, पण खुर्च्या उचलायला, माईक लावायला, डायोसिसला, म्हणजे बिशपच्या ऑफिसला, पत्र टाकायला तेच पाच-सहा जण, आणि जो एकदा हो म्हणतो त्याच्याच गळ्यात दुसरं काम पडतं. अजून एक, हे जरा खासगीतलं. दिवसभर मशीनवर उभं राहून सुपरवायझरचं ऐकून घेणाऱ्या माणसाला रविवारी "सेक्रेटरीसाहेब" म्हणून कोणी हात जोडतं तेव्हा बरं वाटतं त्याला. त्यात पाप काही नाही, पण ते बरं वाटणं म्हणजे देवाची हाक असं समजून चाललं की घरच्यांचे हाल सुरू होतात.

आता कॉटेज मीटिंगचं. हे मी पाळकाच्या घरात आयुष्य काढल्यामुळे फार जवळून बघितलंय. पुरुषांना वाटतं मीटिंग म्हणजे तासाभराची प्रार्थना. बाईसाठी ती दुपारीच सुरू होते. दिवाण सरकवायचा, सतरंज्या झटकायच्या, शेजारून खुर्च्या मागून आणायच्या, पोहे भिजवायचे, कप मोजले की कमी भरणार हे ठरलेलं, पाळकसाहेबांचा चहा बिनसाखरेचा वेगळा ठेवायचा, आणि शेवटचं गीत चालू झालं की हळूच उठून गॅस पेटवायचा म्हणजे आमेनला चहाला उकळी येते. ह्यात तिने बायबलचं वचन कधी ऐकलं? आणि त्या दिवशी संदेश मार्था-मरियेवर असला, म्हणजे एक बहीण कामात अडकली नि दुसरी येशूचं ऐकत बसली त्या गोष्टीवर, तर मग विचारूच नका, सगळे मान डोलावत ऐकतात नि वर कांदेपोह्याला लिंबू मागतात.

घरात मीटिंग ठेवू नका असं मी म्हणत नाही. अक्विला आणि प्रिस्किल्ला आठवा. तंबू करायचा धंदा, तो दोघांचा, मंडळी जमायची ती दोघांच्या घरात, अपुल्लोसासारख्या विद्वान माणसाला बाजूला घेऊन समजावलं ते पण दोघांनी मिळून. नव्या करारात जिथे जिथे त्यांचं नाव येतं तिथे जोडीनेच येतं, आणि बऱ्याच ठिकाणी आधी तिचं. तुमच्याकडे घर दोघांचं आणि निर्णय एकाचा, मग राग येणारच.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर महिना सुरू व्हायच्या आधी दोघांनी बसून दोन संध्याकाळी स्वतःच्या म्हणून लाल पेनाने मारून टाकायच्या, त्या दिवशी कोणी मेलं तरच घराबाहेर. डिसेंबरचं सोडून द्या, कॅरल राऊंड रात्री उशिरापर्यंत चालतात, घरात करंज्या-चकल्यांचा घाणा असतो, त्या महिन्यात कोणीच कोणाचं नसतं. पण जानेवारीत तीनपैकी एक जबाबदारी सोडायची. कुठली ते मिस्टरांनी ठरवावं, मला विचाराल तर क्वायर ठेवावी, गाण्याने माणूस घरी हलका होऊन येतो, कमिटीतून आलेला माणूस तसा येत नाही. रविवारची कमिटी तासाभरात गुंडाळायची असा ठराव सेक्रेटरीलाच मांडता येतो की! पाळकसाहेबांशी बोलायला दोघं जा, आणि पाळकीणबाई घरी असतील अशा वेळी जा, पहिल्या वाक्यात त्यांना कळेल. चहापुरतं महिला मंडळाने एकदा ठरवून टाकावं की कॉटेज मीटिंगला चहा-बिस्किट, बाकी काही नाही, नाहीतर एका घरी पोहे झाले की दुसरीला उपमा करावा लागतो आणि तिसरी समोसे मागवते.

आणि हो, तुम्ही आजोबांचं लिहिलंत. पुढची मीटिंग तुमच्या घरी असेल तेव्हा चहा मिस्टरांना करू द्या नि वचनावर तुम्ही बोला. पंचवीस माणसांना तुमचं पण ऐकू दे एकदा.

वसईहून एक वाचक लिहितात:

मी कॅथलिक, बायको अहिल्यानगरची, सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, प्रोटेस्टंट. लग्न रीतसर परवानगी काढून आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या कॅथलिक चर्चमध्ये, झालं. ती दर रविवारी माझ्याबरोबर मिस्साला, म्हणजे उपासनेला, येते, पण कम्युनियनला, म्हणजे प्रभुभोजन घ्यायला, सगळी रांग पुढे जाते आणि ती एकटी बाकावर. लोक बघतात. आई म्हणते तिने कॅथलिक होऊन टाकावं, परत बाप्तिस्मा घेतला की विषय मिटला, तसं पण लग्नाच्या वेळी तिने लिहून दिलंय. आता आम्हाला बाळ होणार आहे. बाप्तिस्मा कुठे करायचा ह्यावरून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

उत्तर: आईंचे दोन गैरसमज आधी काढू. तुमच्या बायकोने काही लिहून दिलेलं नाही, लिहून दिलंय ते तुम्ही. मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून माझ्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन कॅथलिक बाजूने द्यायचं असतं, दुसऱ्या बाजूला ते फक्त कळवायचं असतं. पूर्वी दोघांकडून लिहून घ्यायचे, १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते बदललं. म्हणजे तुमचं वचन खरं आहे, ते तुम्ही पाळायचा प्रयत्न करायचाच आहे, पण "तूच कबूल केलं होतंस" हे वाक्य तिच्या तोंडावर फेकायचा हक्क घरात कोणाला नाही.

दुसरं, परत बाप्तिस्मा वगैरे काही नसतं. पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने एकदा झाला की झाला, कॅथलिक चर्च तिचा बाप्तिस्मा मानतं आणि सी.एन.आय. तुमचा. उद्या ती स्वतःच्या मनाने कॅथलिक झाली तरी परत पाणी ओतत नाहीत. बाळाचं पण तेच, ते कुठल्या पण चर्चमध्ये न्या, दुसऱ्या आजीसाठी ते ख्रिस्तीच राहणार आहे. आणि पॅरिशमध्ये केलात तर नगरचे लोक नुसते जेवायला आलेत असं होऊ देऊ नका. कॅथलिक धर्ममातापिता एक जण असला की त्याच्याबरोबर साक्षीदार म्हणून दुसऱ्या मंडळीचा बाप्तिस्मा झालेला माणूस उभा राहू शकतो, तसा नियमच आहे. तिच्या भावाला उभा करा. फादरांना आधी सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी सॅक्रिस्टीत, फादरांच्या तयारीच्या खोलीत, कुजबुज नको.

कम्युनियनचा प्रश्न अवघड आहे, तो मी गोड करून सांगणार नाही. अगदी जिवावरचा प्रसंग वगैरे सोडला तर तिला तुमच्याकडे घेता येत नाही, आणि तुमच्या चर्चच्या नियमाने तुम्हाला तिच्याकडे. काही ठिकाणी हात छातीवर घेऊन रांगेत गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात, तुमच्याकडे चालतं का विचारून बघा. तिला ते नको असेल तर एखाद्या रविवारी तुम्ही पण तिच्या शेजारी बसून राहा. लोक बघतील, बघू देत, त्यांना काहीतरी लागतंच.

आणि एक विचारू? तुम्ही तिच्या मंडळीत शेवटचे कधी गेलात? शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, तेव्हा महिन्यातून एकदा शनिवारी पॅरिशमध्ये जा आणि रविवारी सकाळी लोकल पकडून मुंबईतल्या एखाद्या मराठी सी.एन.आय. मंडळीत जा दोघं. नगरकडची मुलगी पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणत वाढलेली असते, तुमच्याकडे पण गाणी मराठीच असतात पण तिच्या तोंडातली वेगळी आहेत, ती तिला कुठेतरी मोठ्याने म्हणायला मिळाली पाहिजेत ना.

सी.एन.आय.चा पण इतिहास आईंना जमलं तर सांगा. सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या, कोणी लहान बाळांना बाप्तिस्मा देणारे तर कोणी मोठेपणी विश्वास कबूल केल्याशिवाय न देणारे, १९२९ पासून बोलणी करत होते आणि नोव्हेंबर १९७० मध्ये नागपुरात एक झाले, बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती ठेवून. एवढी वर्षं लागली पण कोणी कोणाला "तू आधी बदल" म्हणून दाराबाहेर उभं केलं नाही. आणि टिळकांचंच बघा, त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं आधी वेगळं राहून आणि मग एका घरात दोन धर्म घेऊन काढली त्या दोघांनी. तुमच्याकडे तर धर्म एकच आहे, नुसती चर्चं दोन आहेत.

जालन्याहून एक भगिनी लिहितात:

आम्ही दोघं नोकरी करतो. मिस्टर चर्चला द्यायचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, ग्रॉस पगारावर काढतात, मी म्हणते हातात येतो त्यावर काढा, घराचा हप्ता आहे, सासूबाईंची औषधं आहेत. वरून ह्यावर्षी हंगामाच्या सणाला चर्चच्या लिलावात एका भोपळ्यावर बोली चढवत तीन हजाराला घेतला! घरी भोपळा कोणी खात पण नाही. बोलले तर म्हणतात तुझा विश्वास कमी आहे.

उत्तर: भोपळा वाचून मी हसले, माफ करा. पण आपल्या लिलावात हे असंच होतं, अंडी, कोंबडी, घरचा केक, समोरचा बोली वाढवतो नि आपण इरेला पेटतो, त्यात देणं किती आणि ईर्षा किती ते बोली लावणाऱ्यालाच माहीत. पुढच्या वर्षी ठरलेली रक्कम रोख घेऊन जा आणि मिस्टरांचा मोबाईल तुमच्या पर्समध्ये ठेवा, युपीआयने लिलाव फार चढतो.

ग्रॉस की नेट हे शास्त्रात शोधू नका. तिथला दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आहे, पीएफ कापून येणारा पगार मोशेच्या काळात नव्हता. सगळा दशांश आणून द्या म्हणणारा मलाखीचा तिसरा अध्याय आपल्याकडे वर्गणीची वेळ आली की हमखास वाचतात. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा चौदावा पण वाचा, तिथे सांगितलंय की दशांश देवासमोर घरच्यांबरोबर आनंदाने खा, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेवी म्हणजे देवळाचे सेवक, परके, अनाथ आणि विधवांसाठी ठेवा. म्हणजे घरदार आणि विधवा दोन्ही त्या हिशोबात धरलेत. सासूबाई त्यात बसतात की नाही? येशूने तर मार्काच्या सातव्या अध्यायात कर्मठ परूश्यांना ह्याच्यावरूनच झापलंय, आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाच्या नावावर टाकतात आणि मोकळे होतात म्हणून. हे मिस्टरांना दाखवा, पण भांडणाच्या वेळी नको, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर.

पगार झाला की औषधाचे पैसे आधी बाजूला काढा, मग दोघं बसून आकडा ठरवा, ग्रॉसवर जमतोय तर ग्रॉसवर, नाही जमत तर जो जमतो तो, आणि पाकीट दोघांनी भरा. वर्गणीच्या रजिस्टरला फक्त मिस्टरांचं नाव असेल तर खजिनदाराला सांगून तुमचं पण लावून घ्या. तुम्ही पण कमावता, पावतीवर नाव नसेल तर सर्वसाधारण सभेच्या वेळी यादीत तुम्ही आहात की नाही ह्यावरून उगाच वाद होतो.