विहीर, पंप आणि वजाबाकी

प्रिय विद्यार्थी,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या वर्षाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितच पुन्हा शिकवतात, मग इंजिनिअरिंग सुरू कुठून होतं, असं तू विचारलंस. व्याख्या पाठ करून या प्रश्नाचे दोन मार्क मिळतील, पण हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा एखाद्या विहिरीवर जा, काठावर बसवलेला मोनोब्लॉक पंप (मोटार आणि पंप एकाच जोडात) बघ आणि एवढंच विचार: हा पंप किती खोलवरचं पाणी ओढू शकेल?

विज्ञानाचं उत्तर छोटं आहे. पंप पाणी ओढत नाहीच. तो सक्शन पाइपातला (विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपातला) दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा ते पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब 10.3 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्यामुळे 5 हॉर्सपॉवरची मोटार लाव की 50 ची, त्यापेक्षा खोलवरचं पाणी पंपापर्यंत पोचणार नाही.

हे उत्तर मिळालं कसं, तेही बघण्यासारखं आहे. 17व्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना ही मर्यादा अनुभवाने ठाऊक होती, कारण माहीत नव्हतं. गॅलिलिओने 1638 मध्ये ती नोंदवली आणि कारण चुकवलं. लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असं त्याला वाटलं. पुढे टॉरिचेलीने पाण्याऐवजी 13.6 पट जड पारा घेतला. तो नळीत 76 सेंटिमीटरवर थांबला. 0.76 ला 13.6 ने गुणून बघ. 1648 मध्ये पास्कालच्या मेहुण्याने तशीच नळी डोंगरावर नेली तेव्हा पारा आणखी खाली आला आणि हवेला वजन असल्याची खात्री पटली. म्हणजे अडचण पंपाची होती, तिच्यातून विज्ञान निघालं. वाफेच्या इंजिनाचंही तेच. वॉटने वाफ थंड करायला वेगळा कंडेन्सर लावून 1769 मध्ये पेटंट घेतलं. उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती निघेल, याचा फ्रेंच इंजिनिअर कार्नोचा विचार आला 1824 मध्ये.

(आपली मोट या भानगडीत कधी पडलीच नाही. ती पाणी ओढत नाही, उचलते.)

आता 10.3 घेऊन विहिरीवर ये. इथून वजाबाकी सुरू होते आणि माझ्या मते इंजिनिअरिंगही इथूनच. पुण्याच्या आसपास, साधारण 560 मीटर उंचीवर, हवा विरळ असल्यामुळे 10.3 चे सुमारे 9.7 मीटरच उरतात. पाणी 30 अंशांचं असेल तर त्याच्या वाफेचा दाब 0.4 मीटर खातो. पंपाला स्वतःच्या तोंडाशी काही दाब शिल्लक लागतो. कंपनी पंपासोबत जो आलेख (कर्व्ह) देते, त्यावर तो एनपीएसएचआर म्हणून दिलेला असतो. तो 3 मीटर धरू. अडीअडचणीसाठी 0.6 मीटर राखून ठेव. उरले 5.7. यातून पाइपातलं घर्षण जायचं आहे, आणि सगळी गोम तिथे आहे.

प्रवाह सेकंदाला 10 लिटर, सक्शन पाइप 10 मीटर लांब, शिवाय फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या बुडाची, पाणी परत जाऊ न देणारी जाळीची झडप) आणि एक बेंड, असं धर. पाइप 100 मिलिमीटरचा असेल तर पाण्याचा वेग सेकंदाला 1.3 मीटरच्या आत राहतो आणि एकूण तोटा अर्धा मीटर होतो. पैसे वाचवायला 65 चा पाइप टाकला तर वेग 3 मीटर होतो आणि तोटा सुमारे 3.3 मीटर. पंप तोच, मोटार तीच, विहीर तीच. पण पहिल्या जोडणीत पाणी पंपाच्या 5.2 मीटर खाली गेलं तरी चालतं, दुसऱ्या जोडणीत 2.4 मीटरलाच रडगाणं सुरू. पावसाळ्यात दोन्ही पंप सारखेच चालतील. फरक वैशाखात कळेल.

या हिशेबात मी घर्षणाचा गुणांक 0.02 धरला आहे आणि फूटव्हॉल्व्ह-बेंडचा मिळून 4. हे आकडे न्यूटनच्या नियमांतून निघत नाहीत. माणसांनी पाइपांमधून पाणी सोडून, मोजून काढले आहेत. त्या मोजणाऱ्यांतला डार्सी हा फ्रान्समधल्या दिजों शहराची पाणीयोजना करणारा इंजिनिअर होता. पाइप गंजला की गुणांक वाढतो, म्हणून राखून ठेवलेल्या 0.6 मीटरला फालतू समजू नकोस.

वजाबाकी चुकली तर काय होतं? इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) तोंडाशी दाब इतका पडतो की पाणी गार असतानाच उकळून त्याचे बुडबुडे होतात. पुढे जास्त दाबाच्या जागी ते फुटतात आणि धातूवर ठोके बसतात. पंपात खडी फिरते आहे असा आवाज येतो, काही महिन्यांत इम्पेलरला वाळवी लागल्यासारखे खड्डे पडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हा त्रासही आधी 1890 च्या दशकात जहाजांच्या पंख्यांना झाला. बुडबुडा कोसळण्याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने 1917 मध्ये मांडलं. आवाज आला तर डिलिव्हरीचा (पंपातून पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाचा) व्हॉल्व्ह थोडा बंद करून बघ. प्रवाह कमी झाल्यावर खडखड थांबली तर संशय बहुधा खरा. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र आवळू नकोस, दुखणं वाढेल.

यापेक्षा जास्त वेळा भेटणारा बिघाड म्हणजे पंपाने हवा धरणं. डिलिव्हरीचा सांधा गळला तर पाणी ठिबकतं, दिसतं. सक्शनच्या आत दाब बाहेरपेक्षा कमी, त्यामुळे तिथला सांधा बाहेर गळत नाही, हवा आत घेतो, आणि कोरडा ठणठणीत दिसतो. पंप चालू असताना फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या सांध्यावर) साबणाचा फेस लाव. फेस आत ओढला गेला की गास्केट बदल. पाइप पंपाकडे सतत चढता ठेव, मध्ये उंचवटा आला की तिथे हवा दबा धरून बसते. त्याच कारणासाठी पंपाच्या तोंडाचा रिड्युसर (मोठ्या पाइपाला लहान तोंडाशी जोडणारा तुकडा) एका बाजूने सपाट घ्यायचा आणि सपाट बाजू वर ठेवायची. फूटव्हॉल्व्हवर निदान अर्धा मीटर पाणी हवं, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते.

पाणी 5.2 च्याही खाली गेलं तर? पंप विहिरीतच खाली ओट्यावर बसवता येतो. मग पुरात मोटार बुडण्याचा धोका. किंवा सबमर्सिबल टाकायचा: तो पाण्यात बसून खालून ढकलतो, मोटेसारखाच या अटीतून सुटतो. पण बिघडला की अख्खा वर काढावा लागतो, आणि पाण्याखालचा केबलचा जोड कच्चा राहिला की मोटार गेलीच. यातलं काय निवडायचं, हे विहिरीचा पूर, शेतकऱ्याचा खिसा आणि जवळचा मेकॅनिक किती लांब आहे, यावर ठरेल. विज्ञान तिथे मत देत नाही.

सुट्टीत एक काम कर. सक्शनच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज बसव. पंपापासून पाण्यापर्यंतची उंची टेपने मोज. गेजवरचे 100 मिलिमीटर (पाऱ्याचे) म्हणजे 1.36 मीटर पाणी. उंची 4 मीटर आणि गेजवर 340 असेल तर 4.6 मीटर होतात, वरचे 0.6 म्हणजे घर्षण आणि थोडा वेगाचा वाटा. पातळी तीच असताना महिन्याने काटा 430 ला गेला तर फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ किंवा पालापाचोळा अडकलेला असतो. काटा उतरला आणि पाणीही कमी झालं तर हवेचा सांधा शोध, नाहीतर इम्पेलर झिजलाय का ते बघ. आकडे तारीख घालून वहीत लिही आणि पुढच्या पत्रासोबत पाठव.

कळावे.