पहिलं नाणं क्वार्टर नोबल घ्या

स्वागत, मध्ययुगीन इंग्लंडची सोन्याची नाणी जमवायची म्हणताय, मस्त विषय निवडलात! पण लगेच हेन्री तिसऱ्याच्या 1257 च्या सोन्याच्या पेनीची स्वप्नं नकोत, त्या मोजक्याच उरल्यात. एडवर्ड तिसऱ्याच्या नोबल नावाच्या सोन्याच्या नाण्यापासून सुरू करा, 1344 ला आलेलं, जहाजात तलवार आणि ढाल घेऊन उभा राजा, हातातून खाली ठेववत नाही असं नाणं आहे ते. पूर्ण नोबल महाग जातं, म्हणून आधी क्वार्टर, म्हणजे पाव नोबल, त्यावर जहाज नाही नुसती ढाल असते, पण नाणं त्याच राजाचं आणि सोनंही तसंच चोख.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- वजन न करता घेणं. 1351 नंतरचं पूर्ण नोबल साधारण 7.7 ग्रॅम, 1412 पासून 7 च्या आसपास, क्वार्टर त्याचा चौथा हिस्सा. बरंच कमी भरलं तर बहुतेक कडा कातरलेली.
- दागिन्यातून काढलेलं नाणं न ओळखणं. कडेला डाग दिल्याची खूण, बुजवलेलं भोक, भिंगाखाली बघाच, याने किंमत खूप पडते.
- जहाज दिसलं की इंग्लिश समजणं. फ्लँडर्समध्येही (आजच्या बेल्जियमच्या भागात) तसेच नोबल पाडले जायचे, राजाचं नाव वाचा.

मिंटमार्क (टांकसाळीची खूण) वगैरे सध्या राहू द्या. बजेट सांगा, मग पुढचं बोलू.