फितूर साक्षीदाराचं काय करायचं?

बडोदे

अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी वाचून झाली. रावपुऱ्यातला खून, पोळीतली (जुन्या वस्तीच्या गल्लीतली) कुजबुज, चहाच्या लारीवाल्याच्या (हातगाडीवाल्याच्या) मुलीला शाळेच्या वाटेवर गाठून ‘पप्पांना सांभाळ हं’ म्हणणारा तो हसरा माणूस, इथपर्यंत मी जागचा हललो नाही. शेवट मात्र पटला नाही.

लारीवाला फितूर होतो, सरकारी वकीलबाई त्याचा मॅजिस्ट्रेटसमोरचा जुना जबाब वाचून दाखवतात आणि न्यायाधीश तेवढ्यावर जन्मठेप ठोठावतात. असं होत नाही रे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ चा (नव्या संहितेत १८३), म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढचा, जबाब म्हणजे स्वतंत्र पुरावा नव्हे. साक्षीदाराला खोटं पाडायला नाहीतर दुजोरा द्यायला तो वापरतात, एवढंच. पोलिसांपुढच्या जबाबावर तर त्याची सहीसुद्धा घेत नाहीत. तुझी शिक्षा अपिलात टिकायची नाही.

पण कायद्यातच तुझ्यासाठी याहून चांगला प्रसंग पडलाय. साक्षीदार उलटला की सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. आणि फितूर ठरला म्हणून त्याची सगळी साक्ष वाया जात नाही. इतर पुराव्याशी जुळणारा भाग कोर्ट घेऊ शकतं. तेव्हा बाईंच्या तोंडचं ते लांबलचक भाषण काढ. (भाषणाने साक्षीदाराला धीर येतो, हे सिनेमातच.) बारके प्रश्न घाल. त्या रात्री लारी उघडी होती? होती. दिवा चालू होता? होता. आरोपी चहाला आला होता? इथे तो अडखळेल आणि ‘आला होता’ म्हणून जाईल. सुरा पाहिला नाही, यावर मात्र ठाम राहील. घाबरलेला माणूस ज्याची धमकी मिळालीय तेवढंच गिळतो, बाकीचं त्याला लपवायचं सुचतही नाही. या प्रसंगाला हवी तेवढी पानं दे. रक्ताचा अहवाल आणि फोनचं लोकेशन चार ओळींत उरक.

निकाल फार गोड करू नकोस. आपल्याच शहरातला, २००२ च्या दंगलीतल्या हत्याकांडाचा, बेस्ट बेकरी खटला बघ. साक्षीदार फितूर झाले आणि जून २००३ मध्ये सगळे २१ आरोपी सुटले. धमक्यांमुळे खोटं बोलले, असं मुख्य साक्षीदार तरुणीने नंतर सांगितलं. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला मुंबईत चालवायला लावला. तिथे ती पुन्हा उलटली, तरी फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पुढच्याच महिन्यात, न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला स्वतःला एक वर्षाची कैद. असा शेवट कल्पनेने लिहायला कुणी धजावलं नसतं.

लारीवाला घरी कसा जातो, तेही दाखव. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरतंच मिळतं आणि त्याची पोळ तर तीच राहणार.

आणखी एक. गोष्ट आजची असेल तर सूरसागरजवळच्या न्यायमंदिराचा जिना काढ, कोर्ट तिथून हललंय. मुलगी पहिल्या प्रकरणात चौथीत आहे, शेवटी सहावीत. खटला तेवढा लांबला असेल तर मधल्या तारखा कुठेतरी येऊ देत.

तुझा,
काका