वर्गणीचा आकडा लिहिण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या जिल्ह्यासाठी मराठी बातम्यांचे संकेतस्थळ काढण्याचा आराखडा सावकाश वाचला. खर्चाची बाजू तू बारकाईने मांडली आहेस. उत्पन्नाच्या बाजूला मात्र ‘वाचकांची वर्गणी’ एवढेच दोन शब्द आहेत आणि त्यांच्यापुढे एक भलामोठा आकडा आहे. हे पत्र त्या दोन शब्दांपुरतेच आहे.

पूर्वी लोक पैसे मोजून पेपर घेत होते, मग आता का घेणार नाहीत, असे तू विचारतोस. आपल्याकडच्या वाचकाने दैनिकाची खरी किंमत क्वचितच मोजली आहे. १९९४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने दिल्लीत अंकाची किंमत दीड रुपयावर आणली, पुढे अशा स्पर्धेने वाचकाला स्वस्त अंकाची सवय लागली आणि छपाई-कागदाच्या खर्चातील तूट जाहिरातदार भरून काढू लागला. महिन्याकाठी पेपरवाल्याचे बिल चुकते करायचे आणि रद्दी विकून त्यातले काही परत मिळवायचे, असा घरोघरी हिशेब असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर नेट स्वस्त झाले आणि रिचार्ज केले की बातम्याही त्यातच आल्या, अशी समजूत पक्की झाली. तुला ही समजूत बदलायची आहे. जुनी सवय परत आणायची आहे, असे धरून चालू नकोस.

लोक अजिबात पैसे देत नाहीत, हेही खरे नाही. ब्रिटनमध्ये एकाच मालकाच्या दोन दैनिकांनी वर्गणीची भिंत उभारून पाहिली, म्हणजे पैसे भरल्याशिवाय संकेतस्थळावरचा मजकूर वाचता येऊ नये अशी सोय केली. ‘द टाइम्स’ने २०१० मध्ये ती उभारली आणि टिकवली, ‘द सन’ने २०१३ मध्ये उभारली आणि २०१५ च्या अखेरीस पाडली. देश, मालक आणि काळ सारखाच असताना असे का झाले, याची माझ्या मते दोन उत्तरे आहेत. ‘सन’मधील खेळ, सिनेमा आणि भानगडी दुसऱ्या दहा ठिकाणी फुकट मिळत होत्या, शिवाय ‘टाइम्स’चा वाचक ते दैनिक आपल्या कामाकरिता वाचत होता. जी बातमी प्रेसनोट म्हणून सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते, तिच्यासाठी तुझ्या जिल्ह्यातही कोणी रुपया देणार नाही.

तुझ्या उपयोगाचे खरे उदाहरण नॉर्वेचे आहे. जेमतेम पंचावन्न लाख वस्तीच्या या देशात ऑनलाइन बातम्यांसाठी पैसे देणाऱ्यांचे प्रमाण जगात सर्वाधिक म्हणावे असे आहे आणि त्यात छोट्या गावांच्या स्थानिक दैनिकांचा वाटा मोठा आहे. ‘अमेडिया’ या समूहाची दैनिके गावपातळीवरच्या फुटबॉल सामन्यांचेही थेट प्रक्षेपण करतात. आपल्या पोराचा सामना दुसरीकडे कुठे दिसणार? मात्र तिथे घरपोच अंकाची वर्गणी भरण्याची सवय आधीपासून होती आणि २०१६ पासून तिथल्या सरकारने डिजिटल बातम्यांवरचा मूल्यवर्धित कर शून्यावर आणला. आपल्याकडे छापील दैनिकाला जीएसटी नाही, पण त्याच मजकुराच्या डिजिटल वर्गणीवर अठरा टक्के लागतो. तुझ्या आराखड्यात हा कर कुठेच दिसला नाही.

तुझ्याकडचे असे दुर्मीळ काय असेल? कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, हे पाटबंधारे खाते सगळ्यांनाच कळवते. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या चारीपर्यंत पाणी का पोचले नाही, मधे पाणी उपसणाऱ्या किती मोटारी लागल्या होत्या, पाणी सोडणारा पाटकरी काय सांगतो आणि नोंदवहीत काय लिहिले आहे, हे जो तिथे जाऊन, विचारून, कागद पाहून लिहील, त्याची बातमी त्याचीच राहील. पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींचेही तसेच आहे. अडचण अशी की, अशा बातमीची ज्याला सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याच खिशात बहुधा पैसे नसतात. म्हणून ती कुलूपबंद करू नये, असे मला वाटते. ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने मजकूर खुला ठेवून वाचकांकडे मदत मागितली आणि ती लाखो लोकांनी दिली. तुझ्या जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली, पण गावी जमीन आणि आई-वडील असलेली माणसे हा तुझा पहिला वर्गणीदार वर्ग ठरू शकेल. आराखड्यात त्यांचा उल्लेखही नाही.

वर्गणी मासिक ठेवू नकोस. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे कार्डावरून परस्पर कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी ग्राहकाची संमती पुन्हा नोंदवावी लागली आणि त्या काळात अनेकांच्या चालू वर्गण्या नुसत्या अडखळून बंद पडल्या. यूपीआयने एकदाच भरायची वार्षिक वर्गणी मराठी माणसाला ओळखीची आहे. १९४८ पासून चालत आलेल्या ‘साधना’सारख्या साप्ताहिकाचे वर्गणीदार ती भरत आले आहेत. (मराठी वाचक पैसे देत नाही म्हणणाऱ्यांनी दिवाळीपूर्वी पुस्तकांच्या दुकानात तासभर उभे राहावे.) वर्गणीदारांना दिलेला मजकूर कोणीतरी पीडीएफ करून गटांवर टाकणारच, त्याच्यामागे धावण्यात वेळ घालवू नकोस, त्या पीडीएफवर तुमचा वर्गणीचा क्यूआर कोड छापलेला असला म्हणजे पुरे.

सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा पहिल्या वर्षी वर्गणीदार किती मिळतील, यापेक्षा त्यांतले किती जण दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसे भरतील आणि ते तू कशावरून धरलेस, हे आधी लिही. त्याआधी ओळखीबाहेरच्या वीस जणांकडे जाऊन वर्गणी प्रत्यक्ष माग आणि ज्यांनी नकार दिला, त्यांनी सांगितलेली कारणे त्यांच्याच शब्दांत आराखड्याला जोड.

कळावे.