अर्धांगवायू झालेल्या आजीला वृद्धाश्रमात बागकामाचा उपयोग होईल का? कोणती झाडं लावावीत?

हात किती सुधारेल ते फिजिओथेरपिस्टला विचारा. मी एवढंच सांगते, कुंडी आजीची आणि पाणी घालणार मावशी, असं असेल तर नर्सरीचे पैसे वाचवा.

आमचे अण्णा तासगावकडचे, जन्म द्राक्षबागेत गेला. उजवी बाजू गेल्यावर त्यांना पुण्यातल्या एका केंद्रात ठेवलं. तिथे 'गार्डन थेरपी'चा मोठा बोर्ड. प्रत्यक्षात सकाळी मावशी नळी घेऊन सगळ्या कुंड्यांवर पाणी मारून जायच्या आणि म्हाताऱ्यांनी ते बघायचं. अण्णा पाठ फिरवून बसायचे.

मी धने घेऊन गेले. अण्णांनी ते तळहातावर घोळवले आणि माझ्या चपलेकडे बोट दाखवलं. चपलेखाली रगडून दाण्याची दोन डाळं केल्याशिवाय पेरायचं नाही, हा त्यांचा नियम. शेवटी स्वयंपाकघरातून लाटणं मागवलं, जेवणाच्या ट्रेवर फडकं पसरलं आणि डाव्या हाताने अण्णा रगडत बसले. अख्खा राहिलेला दाणा दिसला की परत लाटण्याखाली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "ताई, कशाला त्रास देताय त्यांना?" फोनवर दादाचंही तेच, "जन्मभर मातीत राबलेत, आता तरी आराम करू दे." आराम म्हणजे काय, तर दिवसभर टीव्हीसमोर मान टाकून बसायचं!

कोथिंबीर विरळच आली. पण ती आमटीवर पडेपर्यंत अण्णांनी घास घेतला नाही.

1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञ बायकांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये हेच पाहिलं होतं. एका मजल्यावर रोप देऊन सांगितलं, तुमचं तुम्ही सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी नर्स घालणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही, जास्त हिंडती-बोलती झाली. दादाला हे पाठवलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

झाडांचं म्हणाल तर मेथी लावा, तीन-चार दिवसांत वर येते. पुदिना, धने चालतील. कुंडी टेबलाच्या उंचीवर, खाली व्हीलचेअर आणि गुडघे जातील अशी. बारीक मूठ धरवत नाही, म्हणून खुरप्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.

हो, एक राहिलंच. मधुमेह असेल तर हातमोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा. स्मृतिभ्रंशाची माणसं काहीही तोंडात घालतात, तेव्हा कण्हेर, डिफेनबेकिया असली विषारी झाडं आसपास नकोत. आणि त्या अमेरिकन प्रयोगात रोपाबरोबर इतरही निर्णय लोकांच्या हाती दिले होते, त्यामुळे सगळं श्रेय रोपाला देऊ नका. आजीला मुळात मातीची आवड नसेल तर पत्त्यांचा कॅट द्या, पण पिसू तिलाच द्या.

वृद्धाश्रमवाले "पडल्या तर जबाबदार कोण?" म्हणतील. खुर्चीला पट्टा लावून बसवलेलं माणूस कुंडीत कसं पडतं, ते त्यांनाच विचारा. दादाला मी अजून विचारतेच आहे.