वाचकांचे प्रश्न : पळता रिसीव्हर आणि मागे पडणारा पास

प्रश्न : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला एखादा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) उभ्या साथीदाराला बिनचूक पास देतो, पण आडव्या पळणाऱ्या रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या साथीदाराच्या) पाठीमागेच चेंडू का टाकतो?

उत्तर : दोष बहुधा हातात नसतो, पायांत आणि वेळेत असतो. रिसीव्हर सेकंदाला ८ यार्ड पळतोय आणि चेंडूचा सरासरी वेग सेकंदाला २० यार्ड आहे असे धरा. २० यार्डांच्या पासाला एक सेकंद लागतो, म्हणजे चेंडू सुटताना रिसीव्हर जिथे दिसतो त्याच्या ८ यार्ड पुढची मोकळी जागा हेच लक्ष्य. ठरलेल्या जागी फेकताना दशांश सेकंद उशीर झाला तरी रिसीव्हर पाऊण यार्ड पुढे निघून गेलेला असतो.

उभ्या माणसाकडे फेकून फेकून पाऊल माणसाच्या दिशेने टाकायची सवय लागते. मग सामन्यातही ते रिसीव्हर आत्ता आहे तिकडेच पडते, कंबर तिथेच अडते आणि एकटा हात पुढची जागा गाठू पाहतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय त्या मोकळ्या जागेच्या किंचित डावीकडे रोखलेला हवा. पाऊल फार लांब पडले तर वजन मागच्या पायावर राहते आणि चेंडू डोक्यावरून जातो.

किती पुढे द्यायचा, हे बचावावर ठरते. एकास एक बचाव (एकेका रिसीव्हरमागे एकेक बचावपटू) असेल तर रिसीव्हरला पळता ठेवा. झोन बचावात (प्रत्येक बचावपटू आपापला भाग सांभाळतो) मात्र रिसीव्हर दोघांमधल्या फटीत वेग कमी करतो. तिथे चेंडू थेट छातीवर द्या. पुढे दिलात तर हात लांबवलेला रिसीव्हर पुढच्या लाइनबॅकरच्या (मधल्या फळीतल्या बचावपटूच्या) धडकेत सापडतो. ही चूक नुसता पास वाया घालवत नाही, माणूस जायबंदी करते.

सरावासाठी दोन कोन (जमिनीवर ठेवायचे खुणेचे शंकू) पुरेत : एक रिसीव्हर वळतो तिथे, दुसरा चेंडू पोचायला हवा तिथे. रिसीव्हर पहिल्या कोनाशी वळायच्या आधीच चेंडू दुसऱ्याच्या दिशेने सुटला पाहिजे. तो मोकळा दिसेपर्यंत थांबलात की उशीर झालाच. प्रत्येक रूट (रिसीव्हरचा पळण्याचा ठरलेला मार्ग) दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा घ्या. झेल झाला एवढ्यावर समाधान मानू नका. चेंडू छातीसमोर आला, मागे, उंच की खाली, हे लिहा. चुका एकाच दिशेच्या रूटवर जास्त दिसल्या तर आधी त्या बाजूचे पाऊल तपासा.

प्रश्न : बाजूच्या रेषेजवळचा साधा दिसणारा आउट पास (सरळ पळून बाजूच्या रेषेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला) इतका अवघड का?

उत्तर : कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्क (खेळ कुठून सुरू करायचा हे ठरवणाऱ्या खुणांच्या दोन ओळी) एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, व्यावसायिक एनएफएलमध्ये हे अंतर साडेअठरा फूट. खेळ डाव्या हॅशवरून सुरू झाला तर उजवी साइडलाइन १०० फूट दूर असते. क्वार्टरबॅक खेळ सुरू होतो त्या जागेच्या ७ यार्ड मागे असेल आणि त्या जागेच्या १२ यार्ड पुढे, आउटवरचा झेल साइडलाइनच्या ३ यार्ड आत होणार असेल, तर चेंडूला हवेत सुमारे ३६ यार्ड कापावे लागतात. एवढ्या वेळात मधला बचावपटू झेप घेतो. म्हणून दूरच्या हॅशवरून हा पास रिसीव्हर वळण्याआधी सोडायचा, नाहीतर सोडायचाच नाही.

प्रश्न : पूर्ण (म्हणजे झेलल्या गेलेल्या) पासांच्या टक्केवारीवरून अचूकता ठरते का?

उत्तर : अर्धवट. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक बो निक्स याने ७७ टक्क्यांहून अधिक पास पूर्ण केले, ही मोठीच कामगिरी. पण या आकड्यात दोन यार्डांचा पास आणि तीस यार्डांचा पास सारखाच मोजला जातो. रिसीव्हरने हातातून सोडलेला आणि मुद्दाम बाहेर फेकलेला चेंडूही अपूर्णच धरतात. पासाच्या अंतरानुसार वेगळे आकडे काढा आणि हे दोन प्रकार बाजूला ठेवा.