ऑपरेशनला तीन आठवडे आहेत, तोवर वडिलांना आराम करू द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे, कोरेगावला शेती, गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मिरजेत ठरलंय आणि घरचे त्यांना खाटेवरून उठू देत नाहीत. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. माझं म्हणणं एकच: त्यांना उठवा.

पडून राहिलं की या वयात अंगातली ताकद भराभर जाते, आणि ऑपरेशननंतर उठून बसायला, खोकून कफ काढायला तीच लागते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सकाळ-संध्याकाळ चालवा, बांधावरून चालले तरी उत्तम. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागू दे. छातीत दुखलं, चक्कर आली की थांबायचं.

श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं मशीन आजच आणा. बरेच जण त्यात फुंकतात; श्वास आत ओढायचा असतो. नंतर टाके दुखतात म्हणून माणूस श्वास वरवर घेतो, कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो. पोटाशी उशी दाबून खोकायचं, हेही आत्ताच शिकवा. बिडी असेल तर आजपासून बंद.

नुसत्या भाकरी-आमटीवर भागणार नाही. ५० किलोच्या माणसाला या काळात रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि एका अंड्यात असतात साधारण ६. दूध, दही, अंडी, पनीर, चिकन, जे चालतं ते थोडं थोडं पण दिवसभर द्या. आतडं अरुंद झालं असेल तर उसळी-शेंगदाणे विचारूनच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती द्यायची तेही डॉक्टरांनाच विचारा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. 'त्यांना साधी गाठ आहे असं सांगितलंय,' असं तुम्ही लिहिलंत. अहो, या ऑपरेशनमध्ये काही वेळा शौचाची वाट पोटावर काढून तिथे पिशवी लावतात. शुद्धीवर आल्यावर ती पिशवी दिसली आणि आधी कुणी अवाक्षर काढलेलं नसलं, की माणूस खचतो. मग तो घरच्यांचंही ऐकेनासा होतो. शिवाय पिशवीची जागा आधी ठरवतात: बसवून, उभं करून, वाकवून पोटावर खूण करतात, म्हणजे ती घडीत किंवा पायजम्याच्या नाडीखाली येत नाही. कशासाठी खूण होतेय हेच ठाऊक नसेल तर ते काय सांगणार?

सर्जनना विनंती करा की वडिलांशीच बोला. पिशवी लागणार का, तात्पुरती की कायमची, हे वडिलांना स्वतःला विचारू द्या. पिशवी असूनही शेती करणारी माणसं आहेत. हॉस्पिटलमार्फत त्यांपैकी कुणाची तयारी असेल तर वडिलांशी गाठ घालून द्या, आणि ती खूण करायच्या दिवसाआधी.